मामांचं शुद्ध पाणी

रसायनशास्त्र विभागात मामांचं उभं आयुष्य काचेची भांडी धुण्यात गेलं. साबण, आम्ल, नळ आणि शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. मग रसायन आणि जीवशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून संशोधन करावं म्हणून सरकारने अनुदान दिलं. रसायनाच्या सरांनी रंग बनवायचे, जीवशास्त्राच्या बाईंनी ते माशांच्या अंड्यांत सोडून जीव कसा घडतो ते पाहायचं. मासे सांभाळायला मामांना धाडलं.

"जन्मभर बाटल्या धुतल्यात, आता मासे धुणार?" बायकोने विचारलं.

पण मामा रमले. चिमूटभर खाणं टाकलं की बोटभर लांबीचे पट्टेरी मासे वर धावत. "बाटलीने कधी ओळख दाखवली होती का?" मामा म्हणत.

आज समिती यायची होती. तिने अनुदान थांबवलं, तर माशांची खोली बंद आणि मामा परत मोरीत. बाई टाक्यांसाठी पाणी बनवून ठेवत, पण ते मामांना जरा पिवळट वाटे. म्हणून सकाळीच त्यांनी पुढची टाकी घासून जुन्या विभागातल्या डिस्टिल्ड पाण्याने भरली. मासे हवेत तरंगल्यासारखे दिसू लागले. मामा खूश.

बाई आल्या, तोवर दोन मासे कलंडले होते.

"मामा, हे पाणी कुठलं?"

"आपलंच, डिस्टिल्ड. याहून शुद्ध नाही."

"अहो, तेच तर! त्यात क्षारच नाहीत, माशांना सोसायचं नाही. जाळी आणा!"

दोघं मासे मागच्या टाकीत हलवत होते, तेवढ्यात सरांबरोबर समिती दारात हजर. अध्यक्षबाईंनी विचारलं, "काय गडबड आहे?"

"चूक माझी," मामा म्हणाले. "शुद्ध पाणी घातलं."

सर खाकरले. "मीही तेच घातलं असतं."

"आणि मी सरांच्या बाटल्या नुसत्या नळाखाली विसळल्या होत्या," बाई म्हणाल्या. "यांचा महिन्याचा रंग वाया गेला."

"मग भांडलात?"

"कडाकडा! मग मोरीत उभं राहून यांनी मला बाटली धुवायला शिकवलं."

अध्यक्षबाई हसल्या आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या. कलंडलेले मासे हळूहळू सरळ झाले. मामांनी चिमूट टाकली. सगळे वर धावले, ते दोघेसुद्धा.

"अनुदान चालू ठेवा, असंच लिहू आम्ही," त्या म्हणाल्या. "एकमेकांच्या मोरीत उतरणारी माणसं सहसा मिळत नाहीत."

घरी बायकोने विचारलं, "मग? मोरी की मासे?"

"मासे." मामांनी पाण्याचं भांडं घेतलं आणि उजेडात धरलं.

"काय बघताय? स्वच्छ आहे."

"फार नाही ना?" म्हणत त्यांनी ते गटागटा संपवलं.