खुर्चीवरची चार बोटं

खालापूर तालुक्यातल्या एका गावात मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. शाळेची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं. मुख्याध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं, कारण काय, तर माझं अक्षर चांगलं होतं. अक्षराचा आणि छपाईचा काय संबंध, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पहिल्या पानावर जमीन देणाऱ्या गृहस्थांचा फोटो हवा होता. ते भाताचे शेतकरी, वारून दोन पावसाळे झाले होते. त्यांच्या घरी एकच फोटो होता, कुठल्याशा जत्रेत तंबूतल्या फोटोवाल्याने काढलेला. ते खुर्चीत ताठ बसलेले, मागे त्यांची बायको डोक्यावर पदर घेऊन उभी. त्याच आजींनी तो फडक्यातून काढून माझ्या हातात दिला.

"एकच हाय, मास्तर. जपून न्या."

"आजी, जसाच्या तसा आणून देतो," मी म्हणालो. बोलायला काय जातंय!

कर्जतच्या छापखान्याच्या मालकांनी फोटो पाहिला आणि विचारलं, "जाळी कितीची टाकायची?"

माझ्या डोळ्यांपुढे मासे धरायची जाळी आली. ते समजावू लागले. फोटो आहे तसा यंत्रावर छापता येत नाही. मुंबईला पाठवून त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा, त्यासाठी फोटो जाळीतून घ्यायचा, म्हणजे त्याचे ठिपके होतात. आपला कागद भरड, म्हणून ठिपकेही मोठे. मी मान डोलावत होतो आणि एका माणसाचे ठिपके होतात म्हणजे नेमकं काय होतं, याचा अर्थ काही केल्या लागत नव्हता. तरी शहाणपणा करून फोटोच्या मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'खुर्चीतले गृहस्थ तेवढे ठेवावेत. बाकीचे काढावे.'

पंधरा दिवसांनी ब्लॉक आला. लाकडावर ठोकलेला पत्रा. फोटोत पागोट्याचा शेव उजव्या खांद्यावर होता, पत्र्यावर डाव्या. मी भडकलोच.

"अहो, माणूस उलटा केलाय यांनी!"

मालकांनी शांतपणे खणातला छपाईच्या अक्षराचा एक खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यावरचा 'क'सुद्धा उलटाच होता. "इथे सगळं उलटंच असतं मास्तर. कागदावर सुलटं होतं."

शरमेने मी ब्लॉकसोबत परत आलेलं फोटोचं पाकीट न उघडताच पिशवीत टाकलं आणि एस.टी. गाठली. घरी येऊन उघडलं तर आजी नव्हत्या. त्यांच्या जागी पांढरा रंग होता. मला ब्लॉकमधून काढायचं होतं, मुंबईवाल्यांनी फोटोतूनच काढलं! की मीच तसं लिहिलं होतं? मागचं माझं अक्षर पुन्हा पुन्हा वाचलं. दोन्ही अर्थ बरोबर वाटत होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कर्जतला गेलो. मालक म्हणाले, असाच रंग मारतात, ओल्या कापसाने निघतो. खरंच निघाला. पदर आला, हात आला. मला इतका आनंद झाला की चेहऱ्यावर जरा जास्तच चोळलं. चेहरा कापसावर आला.

एवढं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

स्मरणिका निघाली. समारंभात प्रत्येक जण पहिलं पान बघून एकच विचारत होता, खुर्चीच्या पाठीवर ही बोटं कोणाची? रंगवणाऱ्याने बाई पुसली, पण खुर्ची धरलेली चार बोटं तशीच सोडली होती. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंडपाच्या खांबाकडे पाहिलं.

गुडघ्यांमुळे आजी समारंभाला आल्या नव्हत्या. आठवडाभर टाळून शेवटी गेलो. फोटो खिशात ठेवला आणि आधी स्मरणिका पुढे केली. त्यांनी पान डोळ्यांशी नेलं.

"मास्तर, हे तर नुस्तं ठिपकं हायत. मानूस कुठं हाय?"

"जरा लांब धरा."

त्यांचा हात पुरेना. मग पान मीच घेतलं आणि अंगणात मागे मागे सरकत गेलो.

"अजून जावा. अजून." मी गोठ्याच्या कुडाला टेकलो. "आले," त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. तिथूनच सांगून टाकलं, फोटो खराब झाला, तुमचा चेहरा गेला, चूक माझी आहे.

त्या पानावरची नजर काढीनात. "माजं त्वांड हाय की हितं. ते नाय गेलं." मग म्हणाल्या, "ती बोटं माजीच. फोटोवाला म्हनला, खांद्यावर हात ठेव. समद्यांसमोर कसा ठेवायचा? म्हनून खुर्ची धरली."

मी पान खाली घेऊ लागलो.

"हलवू नका, मास्तर," त्या म्हणाल्या. "हललं की जातील."