गायकाचा आवाज खरोखर संपला का?

मित्रहो, हे कोडे तुम्हालाही पडले असेल. बँड तोच, गायक तोच. पण नव्या अल्बमची गाणी नुसत्या अकूस्टिक गिटारवर गायला बसला, की त्याचा आवाज एकाएकी थकलेला का वाटतो?

बँडची कॉन्सर्ट जवळ आली आहे आणि आज दुपारी आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर यावरूनच जुंपली. खमरियाचा संदीप, माझा शाळासोबती, चिडून म्हणाला, "भैया, आवाज संपला यांचा. मी कॉन्सर्टले नाही येऊन राहिलो."

सिहोऱ्याच्या मीनलदीदींनी टोला हाणला, "अच्छा! अन् तू काय अजून कॉलेजात आहेस का?"

संदीप ग्रुप सोडून गेला. फोनही उचलत नाही. या बँडला प्रत्यक्ष ऐकायचे ते दोघांनी मिळून, असे आमचे शाळेपासून ठरलेले. म्हणून मला चैन नाही.

इलेक्ट्रिक गिटारचा सूर लांबत राहतो आणि ओळीच्या शेवटी गायकाचा श्वास झाकून टाकतो. अकूस्टिकचा सूर लवकर विरतो, श्वास उघडा पडतो आणि आपण त्यालाच थकवा समजतो. वयाचा परिणाम असेलही. पण तुलना न्याय्य हवी.

संदीप, हे वाचत असशील तर कूलरची घरघर सुरू ठेवून एक ओळ गा आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. मग कूलर बंद करून तीच ओळ पुन्हा गा. तुझे वय दोन्ही वेळा तेच असेल. ऐक आणि सांग, थकलेला आवाज कोणता?