डाव्या हाताचा नावाडी

जुने चित्रपट रंगवून दाखवणाऱ्यांना माझा विरोध आहे. नायिकेच्या साडीला पोपटी रंग फासायचा अधिकार यांना दिला कुणी? पडदा रुंद करायचा म्हणून माणसांची डोकी कापणाऱ्यांनाही विरोध आहे. आणि सुरुवातीची नावं गाळून थेट गाण्यावर उडी मारणाऱ्या चॅनेलवाल्यांचा जाहीर निषेध. ज्याने दिवे धरले, ज्याने नायकाचा फाटका सदरा मुद्दाम फाडून शिवला, त्याचं नाव आयुष्यात एकदाच पडद्यावर येतं. तेही तुम्ही खाता?

हे पत्रकासारखं झालंय, मला कळतंय. हातच तसा वळलाय. बसस्टँडवर बायकांसाठी धड संडास हवा, आमच्या बुधवारा पेठेतली गटारं झाका, अशी पत्रकं मी कॉलेजपासून लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. लोक ती घेतात आणि कोपऱ्यावरचा भजीवाला त्यांत भजी बांधतो. असो. भजी तरी सगळ्यांपर्यंत पोचतात.

माझे आवडते नट माझ्या जन्माआधीच म्हातारे झालेले. एक होता, त्याचं काम फक्त पडायचं. खाटेवरून, बैलगाडीतून, सासऱ्याच्या अंगावर. पण पडल्यावर तो आधी टोपी शोधायचा, मग दुखलं का ते बघायचा. गरीब माणसाची अब्रू कुठे असते, हे मला त्याच्या टोपीने शिकवलं. एक खाष्ट सासू करणारी बाई होती. तिच्या एका भुवईला मी अजून घाबरते. आणि एक दिग्दर्शक, ज्याच्या पिक्चरमध्ये दारं फार. कुणीतरी सारखं दारात थांबलेलं, आत जावं की नाही या विचारात. आजच्या पिक्चरमध्ये दाराशी कुणी थांबत नाही. लाथ मारतात आणि आत घुसतात.

या सगळ्यांच्या वर मात्र एकच. नावाडी.

नावाड्याचा तो पिक्चर मी लहानपणी पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. बाबा सांगायचे. आम्ही मूळचे जळगावकडचे, बाबा तरुणपणी इकडे बुऱ्हाणपूरजवळ कागद कारखान्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत कारखान्याच्या कॉलनीत राहिले. माझा जन्म तिथलाच. गणपतीत कॉलनीच्या मैदानात पिक्चर दाखवायची पद्धत होती, ती मात्र मी जन्मायच्या आधीच टीव्हीने बंद पाडली. मग बाबाच मला तो पिक्चर करून दाखवायचे. कमरेला टॉवेल, हातात आईची काठीची झाडणी. गावचा पाटील नावेत येऊन बसतो आणि म्हणतो, चल. नावाडी त्याच्याकडे बघतो. गावातल्या कुणाकुणाला या पाटलाने काठावर रडत ठेवलंय, ते त्याला आठवतं. मग तो वल्हं वाळूत ठेवतो, हात वर करतो आणि म्हणतो, नाही.

बाबा डावा हात वर करायचे. एरवी सगळी कामं उजव्या हाताने, पण नावाडी डावखुरा म्हणून हा हात डावा.

मी आजही मोर्चात घोषणा देताना डावी मूठ उचलते. बरोबरच्यांना वाटतं, हिची काहीतरी विचारधारा आहे. विचारधारा कसली, माझ्या बापाची झाडणी आहे.

मागच्या वर्षी कुणीतरी तो पिक्चर इंटरनेटवर टाकला. प्रिंट खरचटलेली, पण पुरी, नावांसकट. बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं नुकतीच झालेली, त्यांना भिंतीवरची पालसुद्धा नव्याने आवडायला लागली होती. मी फोन त्यांच्या समोर धरला. पाटील आला, बसला, चल म्हणाला. नावाड्याने वल्हं ठेवलं आणि हात वर केला. उजवा.

"हा तो पिच्चर नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, तोच आहे."

"नाही. हा डावखुरा होता. भांगही इकडून होता. आणि ती झोपडी नदीच्या त्या अंगाला होती. कुणीतरी उलटा केलाय."

आत आई भाकरी थापत होती. तिथूनच हसली. "उलटा नाही केला, सुलटा केलाय. आपण मागून बघायचो ना."

मग तिने सांगितलं तेव्हा मला कळलं. मैदानाच्या मधोमध पडदा बांधायचे. समोर पुरुष, मागे बायका. पडदा पातळ कापडाचा, आणि सुरू व्हायच्या आधी त्याच्यावर बादल्या मारून तो ओला करायचे, म्हणजे चित्र आरपार दिसायचं. मागच्यांना उलटं, पण दिसायचं.

माझं डोकं फिरलं. "म्हणजे बायकांना वर्षानुवर्षं उलटं चित्र? आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प कुठे? केवढी बडबड करायचो," आई म्हणाली. "पुढे साहेब लोक, सासरे, दीर. मागे कोणी नाही. पदर खाली, पाय लांब, मुलं मांडीवर. नदीकडून वारा यायचा. रडायचं तर रडायचं. तुझ्या पुढच्या बाजूला पुरुषांना रडता यायचं का?"

माझ्या मनात पत्रकाचा मथळा तयार झालेला होता. तो तसाच राहिला.

"पण मग बाबा मागे काय करत होते?"

आईने तव्यावरची भाकरी उलटली. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी आईच म्हणाली, "नवीन लग्न होतं. हे पुढे बसलेच नाहीत कधी. पहिल्या दिवशी सगळ्या बायका ओरडल्या, ओ भाऊ, वाट चुकले का? हे म्हणाले, नाही, बरोबर आलोय."

"पूर्ण खात्यात मला वहिनी म्हणायचे," बाबा म्हणाले. तक्रार नव्हती ती. मोठेपणा सांगत होते.

मी आजच्या काळातली मुलगी. फोनवर एक बटण दाबून अख्खा पिक्चर आरशासारखा उलटा केला आणि दुसऱ्या दिवशी बाबांना दाखवला. त्यांनी जरा वेळ पाहिला.

"हात बरोबर आहे आता," म्हणाले.

"मग?"

"मग काय, तुझी आई कुठे बसलीय यात?" आणि फोन मला परत दिला. "एकदा मागून पाहायचा होता बस. आता दिसतंय तर."

एवढंच बोलले. पण आमच्या घरात बाबा कधी काही मागत नाहीत. साखर कमी झाली तरी तसाच चहा पितात. त्यामुळे हे मागणं मी घेतलं ते निवेदन घेतात तसं, दोन्ही हातांनी.

बुधवाऱ्यात आमच्या गल्लीचं गणपती मंडळ आहे. अध्यक्षकाकांची हार्डवेअरची दुकानं, आवाज मोठा, मन वाईट नाही. मी गेले आणि म्हणाले, या वर्षी जुना मराठी पिक्चर दाखवू. ते लगेच हो म्हणाले. मला संशय यायला हवा होता.

"बेटा, एकदम झक्कास करू. एलईडी वॉल मागवतो. दिवसासुद्धा दिसते."

"काका, एलईडीला मागची बाजू नसते."

"मागे काबरं जायचं कुणी? मागे वायरी असतात!"

"पडदा पाहिजे. कापडाचा. ओला."

"तू पहिले बसस्टँडच्या संडासासाठी भांडत होती. आता ओल्या कापडासाठी?"

"दोन्हीसाठी."

मी त्यांना सगळं सांगितलं. लोक सांगतात तसं बाप, म्हातारपण वगैरे घालून नाही, सरळ सांगितलं की माझ्या बाबांना आईबरोबर पडद्याच्या मागे बसायचंय. काका डोकं खाजवत म्हणाले, "अजीब फॅमिली आहे यार." मग म्हणाले, "ठीक आहे. पण पब्लिक बोंबलली तर मी जबाबदार नाही."

बुऱ्हाणपुरात कापडाला काय तोटा? आमच्या मागच्या घरात पावरलूम चालतात, त्यांच्या खटखटीशिवाय मला झोप लागत नाही. तिथून पातळ पांढरं कापड आणलं. पन्हा कमी पडला म्हणून आईने मशीनवर दोन पट्टे जोडले. "शिवण मधोमध येईल," मी म्हणाले. "येऊ दे," ती म्हणाली, "तेव्हाही होती. नायिकेच्या बरोबर नाकावरून जायची." प्रोजेक्टर एका कोचिंग क्लासवाल्याने दिला. मी त्याच्या फी-वाढीविरुद्ध पत्रक काढलं होतं, तरी दिला. हेही इथे नोंदवते.

आरती झाली. गल्लीच्या तोंडाशी पडदा बांधला, मंडपाकडे पुढची बाजू, मागची नदीवरच्या राजघाटाकडून येणाऱ्या वाऱ्याकडे. पोरांनी बादल्या मारल्या. पुढे खुर्च्या मांडलेल्या, पुरुष, पाहुणे, अध्यक्षकाका. मागे सतरंजी. मला वाटलं होतं, तिथे आई आणि बाबा दोघंच बसतील. पण आईने दुपारी दुसऱ्या दिवशीच्या भंडाऱ्याच्या पुऱ्यांचं पीठ मोजायला जाता जाता काय सांगितलं कुणास ठाऊक, गल्लीतल्या निम्म्या बायका मागे येऊन बसल्या. बाबा आले तेव्हा एक आजी ओरडली, "ओ भाऊ, पुढे जा, इथे लेडीज आहेत!"

"मी बरोबर आलोय," बाबा म्हणाले आणि आईशेजारी मांडी घालून बसले. आईने पायाने त्यांच्यासाठी सतरंजी सरकवली. बघितलंसुद्धा नाही त्यांच्याकडे. कान लाल झाले होते मात्र तिचे.

पिक्चर सुरू झाला. नावं आली, उलटी. मागे कुणाला वाचता आली नाहीत, तरी मी उभी राहून टाळ्या वाजवल्या.

थोड्याच वेळात पुढून आरडाओरडा. अंधुक दिसतंय! उजेड सगळा मागे चाललाय! खरंच होतं ते. ओलं कापड निम्मा उजेड मागच्यांना देऊन टाकतं. अध्यक्षकाका दोन पोरांना घेऊन मागे आले. पोरांच्या हातात काळी ताडपत्री.

"वहिनी, जरा उठा. मागून ताडपत्री लावतो, पुढे चकाचक दिसेल. तुम्ही सगळ्या पुढे या, खुर्च्या देतो."

बाबा उठायला लागले. हा त्यांचा स्वभाव. गुडघ्यावर हात ठेवून.

मी पुढे झाले. माझं भाषण तयार होतं, सार्वजनिक जागा, समान हक्क, उजेडावर सगळ्यांचा अधिकार. "अध्यक्षमहोदय," मी सुरुवात केली.

"तू खाली बस," आई मला म्हणाली. "दिसत नाही." मग तिने बाबांचा सदरा धरून त्यांनाही खाली ओढलं आणि बसल्याबसल्या अध्यक्षकाकांना म्हणाली, "भाऊ, लावा ताडपत्री. फक्त उद्याच्या भंडाऱ्याच्या पुऱ्या तुम्ही लाटा."

"वहिनी, असं काय—"

"पीठ भिजवायचं कुठे, ते दाखवते. बाकी तुमचं तुम्ही."

मागची आजी म्हणाली, "आणि भाजीपण." आणखी कुणीतरी म्हणालं, "आणि भांडी." मग सगळ्या पडद्याकडे बघत बसल्या, जणू काका तिथे नव्हतेच. इतका शांत संप मी जन्मात पाहिला नव्हता. मी घशाच्या शिरा ताणून जे मिळवत नाही, ते या बाईने मांडी न मोडता मिळवलं.

काकांनी ताडपत्रीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. "प्रोजेक्टर जवळ घेऊन बघा रे," ते पोरांना म्हणाले. मी पळत गेले आणि आम्ही टेबल पुढे सरकवलं. चित्र लहान झालं, पण उजळलं. पुढचे थोडे कुरकुरले, मग खुर्च्या जवळ ओढून गप्प बसले.

मी परत मागे येऊन आईच्या दुसऱ्या अंगाला बसले. नदीकडून वारा येत होता, पडदा पोटासारखा फुगत होता आणि नावाड्याची नाव खरीच हलत होती. शिवण पाटलाच्या बरोबर मधून गेली, ते मला फार आवडलं. अध्यक्षकाका अजून मागेच होते, ताडपत्रीची घडी करत. घडी काही संपत नव्हती. शेवटी ती अंथरून तिच्यावरच बसले.

पाटील नावेत आला. बसला. म्हणाला, चल.

बाबा पुढे वाकले. नावाड्याने वल्हं वाळूत ठेवलं आणि हात वर केला.

डावा.

"बघ," बाबा मला म्हणाले. "म्हणत होतो ना."

"शांत बसा," आई म्हणाली, "बाकीच्यांना ऐकू द्या." तिचे पाय लांब पसरलेले होते आणि पदर खाली पडलेला होता.