विमलाकाकीने शिकवलेलं मागणं

डिचोली तालुक्यातल्या त्या गावात सकाळी साडेदहाची घंटा झाली की विमलाकाकी भाजीचं पातेलं घेऊन शाळेच्या पायऱ्या चढायची. माहेर धारगळचं, लग्न होऊन इथं आल्याला तीस वर्षं झालेली, बोलणं मोजकं. गावातल्या बायकांच्या गटाला शाळेतल्या आहाराचं काम मिळालं, तेव्हापासून कधी मुगाची, कधी वाटाण्याची पातळ भाजी तिच्याच हातची असायची. पाव पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीवरून परस्पर यायचे. रोज ऐंशी पोरांना वाढणाऱ्या बाईला कोण आवडीने खातं आणि कोण चिवडत बसतं, हे न बघताही कळतं.

दोन हजार बारा साली पाऊस सरता सरता खाणी बंद झाल्या. खनिज वाहणारे टिपर ट्रक होते तिथेच उभे राहिले. पुढच्या महिन्याभरात काकीच्या लक्षात आलं, की सातवीतली भाग्यलक्ष्मी भाजी नुसतीच खाते आणि दोन्ही पाव दप्तरात घालते. तिचा बाप बाबाजी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडचा, खाणीवर टिपर चालवायचा. घरात धाकटी दोन भावंडं. काकीने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या ताटलीत ती तिसरा पाव ठेवू लागली. पण शेजारी बसणाऱ्या सिद्धीच्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि तिने ते सगुण सरांच्या कानावर घातलं.

सगुण सर भूगोल शिकवायचे. त्यांनी कुणाचंही नाव न घेता वर्गाला एक काम दिलं: आपापल्या वाड्यावरच्या घरांत संध्याकाळी चुलीवर काय शिजतं, ते विचारून लिहून आणायचं. मुलांनी वह्या भरून आणल्या. नऊ घरांत संध्याकाळी नुसती पेज होती, सोबत मीठ, फार तर खारातली मिरची. मग साईश म्हणाला, "सर, आम्ही रोज एकेक मूठ तांदूळ आणतो." पंधरा दिवसांत दोन डबे भरले. शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांनी नऊ पिशव्या नऊ दारांत नेऊन ठेवल्या आणि उड्या मारत घरी गेली.

सोमवारी प्रार्थना संपते न संपते तोच बाबाजी आला. पिशवी व्हरांड्यात ठेवली. तिची गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

"मास्तर, पोरांचा मन मोठा आसा," तो हळू आवाजात म्हणाला. "पण आमका भीक नको. माझ्या चेडवान उद्या ह्यांच्या बाजूक बसायचा कसा?"

भाग्यलक्ष्मी तीन दिवस शाळेत आलीच नाही. सिद्धीचं जेवणावरून लक्ष उडालं. आपलं काय चुकलं, हेच तिला कळेना. तिची ताटली तशीच पडलेली बघून विमलाकाकी तिच्याजवळ येऊन बसली. बाकीची पोरंही सरकत जवळ आली.

"आमच्या शेतात खाणीचा गाळ शिरला, त्या वर्षी शेजारणीने असेच तांदूळ माझ्या दारात ठेवले होते," काकी म्हणाली. ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. "मी दार लावून ते शिजवले, पोरांना वाढले. पण पुढे वर्षभर तिच्या विहिरीवर पाण्याला गेले नाही. ती समोरून आली की मी वाट बदलायची. बाई चांगली होती गे. दोष तिचा नव्हता."

"मग आम्ही गप्प बसायचं?" सिद्धीने विचारलं.

"गप्प कशाला? त्यांच्याकडे काहीतरी मागायला जा."

"ज्यांच्या घरात खायला नाही, त्यांच्याकडे काय मागायचं?" साईश म्हणाला.

"त्यांच्याकडे हात आहेत. तुमच्यापेक्षा जाणतेपण आहे."

शाळेच्या मागे जांभ्या दगडाची ओसाड जागा होती. तिथे भाजी लावायची, हे सरांच्या मनात कधीचं होतं. पोरांनी दोन दिवस कुदळी मारून बघितल्या. खडे उडाले, जमीन हलली नाही. तिसऱ्या दिवशी काकी सिद्धीला आणि साईशला घेऊन बाबाजीच्या खोलीवर गेली. तो पायरीवर बसला होता. तिघांना बघून त्याच्या कपाळावर आठी आली.

"बाबाजीकाका, आमच्याने ती जमीन खणवत नाही," सिद्धी म्हणाली. साईशने तळहात पुढे केला. त्यावर तीन फोड आले होते.

बाबाजीने तो हात नीट बघितला. "कुदळ अशी धरल्यार फोड येतलेच," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी हसला. दाराआडून भाग्यलक्ष्मी बघत होती.

दुसऱ्या दिवशी तो त्या नऊ घरांतल्या आणखी दोघांना घेऊन आला. दगड फोडून त्यांनी कडेला बांध घातला, ओढ्याकाठची माती आणून टाकली. त्याची बायको रूपाली आणि वाड्यावरच्या बायकांनी तांबड्या भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, आणि वालीच्या शेंगांचं बी आणलं. वाफे कसे ओढायचे, हे भाग्यलक्ष्मीने वर्गाला दाखवलं. ते काम तिच्या हातात लहानपणापासूनचं. डिसेंबरात पहिली जुडी निघाली. दर शुक्रवारी ज्याने ज्याने काम केलं त्याने एकेक जुडी घरी न्यायची, असं ठरलं. सरांनी नेली, मुख्याध्यापिकेने नेली, बाबाजीनेही काखेत मारून नेली. कुणी कुणाकडे बघितलं नाही. उरलेली भाजी काकीच्या पातेल्यात पडू लागली.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. नऊ घरांतली दोन घरं या कामाला कधी आलीच नाहीत, एक गाव सोडून सिंधुदुर्गात परत गेलं. एप्रिलमध्ये शाळेची विहीर तळाला गेली आणि वालीचे वेल वाळून गेले. पण तोवर बाबाजीला दुधाच्या गाडीवर काम मिळालं होतं, आणि भाग्यलक्ष्मी पुन्हा सिद्धीच्या शेजारी बसत होती.

जूनमध्ये शाळा उघडली. विमलाकाकी मागच्या बाजूला गेली तर नव्या सातवीची पोरं वाफ्यांकडे पाण्याचा पाट काढायला लागली होती, वाकडातिकडा, चढाच्या दिशेने. काकीने पातेलं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "पाणी खालून वर चढत नाही रे. जा, कुणाला तरी विचारून या."