पारूच्या म्हशीचा घास

टोकावड्यात तिला सगळे 'पत्र्याची बाईजा' म्हणत. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा गोठ्यातही भिंत पडली. पलीकडच्या अर्ध्यावर जाऊ पारूने जुनं पेंढ्याचं छप्पर ठेवलं; बाईजाने हौसेने आपल्या अर्ध्यावर नवे पत्रे घातले. पत्र्याखाली म्हस भाजंल, असं पारू म्हणाली. ते बाईजाला लागलं आणि दोघींचं बोलणं तुटलं.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेत हिशेब बघत असे.

अठ्ठ्याण्णवच्या वैशाखात बाईजाच्या ताज्या व्यायलेल्या चंद्री म्हशीने खाणं सोडलं. रवंथ थांबला. रेडकू नुसतंच आचळं ओढत राही. मुरबाडहून डॉक्टर आले, त्यांनी चंद्रीच्या पोटाला कान लावला. म्हणाले, उन्हाच्या तडाख्याने जनावराचं खाणं सुटलं की पोटातले बारीक जीव उपाशी मरतात. पेंढा पचवणारे तेच. नुसत्या औषधाने ते परत यायचे नाहीत. चांगल्या म्हशीच्या तोंडातला रवंथाचा घास काढून पाजा, नाहीतर ही वाचणार नाही.

गावाला हा उपाय ठाऊक होता. पण घास काढला की देणारीचं दूध आटतं, अशी समजूत. म्हणून तो कुणी मागत नसे. भिंतीपलीकडे पारूची म्हैस निवांत रवंथ करत होती. बाईजा चंद्रीची मान कुरवाळत बसली, भिंतीकडे बघेना.

पारूने पलीकडून सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळाने ती ओंजळीत ओला, गरम घास घेऊन आली आणि बाईजाकडे न बघता म्हणाली,

"गो चंद्रे, मालकिणीला सांग, तिनं तोंड नाय उघडलं तरी चालंल. तुझं तेवढं उघडाया सांग."

बाईजाने उठून चंद्रीचं तोंड धरलं. कोमट पाण्यात कालवलेला घास दोघींनी बांबूच्या नळीने पाजला. मग चंद्रीला पारूच्या छपराखाली बांधलं. पारू रोज घास काढत राहिली. तिच्या म्हशीचं दूध आटलं नाही. मापाला मीच होतो.

एका सकाळी चंद्रीचा जबडा हळूहळू हलू लागला. बाईजा बघतच राहिली. मग पारूच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"गो, तुझ्या मालकिणीला इचार, च्या घेल का?"

"साखर कमी नको घालू म्हणावं," पारू म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्याआधी बाईजाच्या पत्र्यांवर पेंढ्याचा जाड थर चढला. पेंढा पारूच्या उडवीतला. नाव मात्र 'पत्र्याची'च राहिलं.