धानाच्या खोलीतला आवाज

गोंडपिपरी, १७ जानेवारी २०२५. शेजारची सरिता सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी शिकवणीचे व्हिडिओ करते. बंगळूरची एक कंपनी तिला हे काम घरी पाठवते. आवाज ती धानाच्या खोलीत बसून भरते, कारण पोत्यांमुळे तिथे आवाज घुमत नाही. काल तिच्या सासऱ्यांनी, देवाजीभाऊंनी, सगळे धान विकले. आज रिकाम्या खोलीत भरलेला आवाज कंपनीने परत पाठवला. विहिरीतून बोलल्यासारखे वाटते, संध्याकाळपर्यंत सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ, असे कळवले.

“मामाजी, माहा स्टुडिओच विकला तुमी!”

“मले काय माहीत बाई, कंप्युटरलेबी धान लागते म्हणून!”

पण देवाजीभाऊ लगेच निघाले आणि घरोघरच्या गाद्या मागून आणू लागले. माझ्या दारीही आले.

“काऊन भाऊ, पाहुणे आले का?” मी विचारले.

“नाई बाई. सून बोलली का भिंती उलटून बोलून राह्यल्या.”

गाद्या भिंतींना लावून सरिताने पुन्हा आवाज भरला. कंपनीला तो पसंत पडला आणि पुढच्या महिन्याचे कामही मिळाले. आता ती गाद्या सोडायला तयार नाही.

आज मी सतरंजी दुहेरी घालून झोपते आहे.