ताईला आणायला गेले आणि पनवेलमध्ये शर्यत धावले

खरं सांगायचं तर मी पनवेलला शर्यतीसाठी गेलेच नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीला, सुमनताईला, कोल्हापूरला परत आणायला गेले होते.

ताई वर्षभरापूर्वी मुलाच्या आग्रहाखातर पनवेलजवळच्या करंजाड्याला राहायला गेली. मुलगा निखिल आणि सून दोघंही नोकरीला, आणि ताई दिवसभर सातव्या मजल्यावर. फोनवर रोज एकच, इथं माझं कोणी नाही. शेवटी तिने परत यायचं ठरवलं आणि मला न्यायला बोलावलं. निखिलसमोर मी हळहळले, पण आतून खूश होते. ती गेल्यापासून माझ्याशी भांडायला घरात कोणी उरलं नव्हतं.

कोल्हापूरहून पनवेलला रात्रीच्या गाड्या भरपूर आहेत, पण मला बसमध्ये झोप लागत नाही, म्हणून सकाळची एसटी धरली. जेवण पुण्याच्या अलीकडेच उरका, पुढे हायवेवर चहासुद्धा सोन्याच्या भावाने मिळतो. घाट उतरला की हवा चिकट होते. पनवेल डेपोबाहेर करंजाड्याच्या रिक्षा मिळतात, शेअर मागितलीत तर स्वस्त पडतं.

घरी पोहोचले तर निखिलने निराळंच काही काढलेलं. पनवेलमध्ये शहरी ओरिएंटियरिंगच्या शर्यतींची नवी मालिका सुरू होत होती आणि पहिल्याच शर्यतीत त्याने आम्हा दोघींचं नाव जोडीने घातलं होतं. निरोपाची सहल, म्हणे. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं आणि गावातली ठरलेली ठिकाणं ओळीने शोधत पळायचं, असा हा खेळ. प्रत्येक ठिकाणी नारिंगी-पांढरं निशाण टांगलेलं असतं, त्याच्यासोबतच्या चिमट्याने आपल्या कार्डावर भोक पाडायचं. ताई म्हणाली, आजवर ती भाजीवाल्याच्या पलीकडे गेलेली नाही, ती काय शोधणार. मी म्हटलं, जाऊ की, नाहीतरी सोमवारी निघायचंच आहे.

रविवारी सकाळी वडाळे तलावाच्या काठावर सगळे जमले. बाकीचे घट्ट कपड्यांत, वाकून पायाची बोटं धरणारे. ताई नऊवारी नाही, पण कडक इस्त्रीच्या साडीत आणि निखिलच्या बुटांत. मोबाइल पाकिटात घालून सील केले. आयोजक ओंकार नावाचा तरुण होता, त्याने नियम सांगितले, पण नेमकं तेव्हाच ताई बुटाची नाडी बांधत होती आणि मी तिला धरून उभी होते.

पहिलं निशाण तलावाच्या पायऱ्यांजवळच सापडलं आणि आमच्या डोक्यात हवा गेली. दुसऱ्यासाठी ताईने नकाशा उलटा धरून जवळचा रस्ता काढला. नकाशावर मध्ये गर्द हिरवा चौकोन होता. ताई म्हणाली, हिरवं म्हणजे बाग, बागेतून जाऊ. ती बाग एक हाउसिंग सोसायटी निघाली. वॉचमनने कोणाकडे जायचंय असं विचारलं. ताईने खरं ते सांगितलं, कोणाकडेच नाही. तो आडवा आला तेव्हा ती कडाडली, "जातो की आम्ही, कशाला अडवालाय?"

वरच्या बाल्कनीतून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं. "तुम्ही कोल्हापूरच्या का हो?"

त्या इचलकरंजीच्या शोभाताई. आमच्यासारखं बोलणं त्यांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. वॉचमनला बाजूला करून त्यांनी आम्हाला वर नेलं. चहा झाला, त्यावर चिवडा झाला. मी दोनदा शर्यतीची आठवण करून दिली. ताई म्हणाली, निशाण कुठं पळून जातंय.

पण तेही गेलं. उरण नाक्याकडच्या मच्छी बाजाराजवळ नकाशावर लाल गोल स्पष्ट होता, निशाण मात्र नव्हतं. आम्ही खांबाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की एका मासळीवाल्या मावशींनी हाक मारली. त्यांनी टोपलीमागून आमचं निशाण काढलं, नीट घडी घातलेलं. "कोनाचा हाय गो हा? वाऱ्यानं उडत व्हता, म्हनून ठेवला. आमी काय चोरला नाय." ताईने कार्डाला भोक पाडलं, मावशींच्या मदतीने निशाण पुन्हा खांबाला बांधलं आणि जाता जाता बोंबलांचा भावही काढला.

परत तलावावर पोहोचलो तेव्हा मंडप निम्मा उतरवला होता. ताईने सोसायटीतल्या चहा-चिवड्याचं कौतुक केलं, तेव्हा ओंकारने अवघडून सांगितलं की गर्द हिरवा रंग म्हणजे खासगी जागा, तिथून गेलेला बाद होतो. ताईने ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की निशाणं बांधून वाऱ्यावर सोडायची, राखायला माणूस नको का. पुढची शर्यत सुकापूरला होती. त्याने विचारलं, "मावशी, तिथे तुम्ही राखाल का?"

ताईने माझ्याकडे बघितलंच नाही. "राखीन की," ती म्हणाली.

नंतर आम्ही स्टेशनकडच्या एका हॉटेलात मिसळ खाल्ली. ती गोड होती. एरवी यावर ताई घरापर्यंत बोलली असती, पण तिने वर आणखी एक पाव मागवला. शेवटी पावाचा तुकडा बशीत ठेवून म्हणाली, "अगं, मी उद्या येत नाही. शोभाताईंनी गुरुवारी बोलावलंय."

मला तिचा राग आला, आणि आनंद झाला असं म्हणायला दिवस लागले. सोमवारी मी एकटीच बसमध्ये बसले, शेजारची खिडकी एका गृहस्थांनी घेतली आणि ते पुण्यापर्यंत घोरले.

घरी येऊन आता महिना होत आला. पोटऱ्या दुखायच्या थांबल्या. ताईचे फोन कमी झालेत आणि आले तरी लहान असतात, कारण तिला कुठेतरी जायचं असतं. परवा तळोज्याच्या शर्यतीबद्दल सांगताना तिने तीन नावं घेतली, त्यातलं एकही मला माहीत नव्हतं.

पनवेलला जरूर जा. बूट स्वतःच्या मापाचे घाला, नियम सांगताना नाडी बांधू नका, हिरव्यात शिरू नका. आणि कोणाला परत आणायला जाणार असाल, तर शनिवारीच घेऊन निघा.